वरची हवा

"बुवा, ही मराठी माझ्या डोक्यातून कायमची काढता येईल का हो?"

निवृत्तीबुवा मठाच्या विहिरीच्या पायरीवर पंचा पिळत होते.

"का रे? काय घोडं मारलंय तिनं तुझं?"

"इंग्रजी बोलायला तोंड उघडलं की आधी हीच पुढे येते. वाक्य मनात मराठीत बनतं, मग मी ते इंग्रजीत उलटवत बसतो... तोवर समोरचे हसायला लागतात."

गावात रंगनाथइतकं हुशार कोणी नव्हतं, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. पण बोटीवरच्या नोकरीच्या मुलाखतीत दोनदा त्याची बोबडी वळली होती. उद्या शेवटची संधी. भीतीपोटी त्यानं सकाळपासून घोटभर चहासुद्धा घेतला नव्हता.

"मग उपाय काय केलास?"

"नेम धरलाय. महिनाभर घरात मराठीचा एक शब्द नाही. आईशीसुद्धा इंग्रजीच."

"आई काय म्हणते?"

"तिला कुठलं कळतंय! हल्ली... हल्ली गप्पच असते. ताट वाढते नि आत जाते."

"आणि भीती गेली?"

"वाढली, बुवा. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

बुवांनी पिळलेला पंचा खांद्यावर टाकला.

"पोहता येतं ना?"

"म्हणजे काय! पट्टीचा पोहणारा आहे मी."

"मग मार बुडी. तळाचा एक दगड घेऊन ये. पण पाण्यात जाताना ही वरची हवा कशाला? सगळी इथंच सोडून जा."

रंगनाथनं मागचापुढचा विचार केला नाही. छाती पार रिकामी केली आणि सूर मारला.

अर्ध्यावरच छाती आवळली. हातपाय ऐकेनात. वर कुठलं, खाली कुठलं, काही उमजेना. मेलो, आता मेलोच, असं मनात म्हणत तो कसाबसा वर आला आणि पायरीला मिठी मारून खोकत राहिला.

"बुवा! जीव गेला असता माझा!"

"का बरं?"

"अहो, छातीत श्वास नको का?"

"पण तो तर वरचा."

रंगनाथ वर चढून पायरीवर बसला. डोक्यावरून पाणी निथळत होतं.

"बुवा... मग उद्या मी काय करू?"

बुवांनी पंच्यानं त्याचं डोकं पुसलं.

"उद्याचं उद्या. आत्ता घरी जा, आईशी बोल."