बसलेला हत्ती

"...तर तारळेकर सर सगळ्या डिग्र्या नदीत सोडून गाव सोडणार आहेत म्हणे. आणि त्याला कारण आपले काटकर मास्तर. मास्तरांनी त्यांना..."

कमळाकाकू एवढं बोलल्या आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला.

"काय केलं मास्तरांनी?" मी ओरडले.

काकूंचं तोंड हलत होतं. ऐकू फक्त ज्वारी येत होती.

पुढचं कुणी येऊन सांगेल म्हणून वाट बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. डबा रांगेत ठेवला आणि घरी आले. काटकर मास्तर माझे शेजारी. जन्मभर इथल्या शाळेत चित्रकला शिकवली. तारळेकर सर त्यांच्याच हाताखाली सातवी शिकलेले, मग मुंबईला गेले, चित्रकलेत पहिल्या वर्गात पास झाले आणि यंदा मास्तरांच्याच जागेवर लागले.

मास्तरांनी माझ्याकडे मेथीची पूड मागितली होती. कागदाच्या लगद्यात घालायला. मेथी घातली की कागदाला कसर लागत नाही. पूड कुटून ठेवलेलीच होती, पण अशा वस्तू मी लगेच नेऊन देत नाही. वेळेला उपयोगी पडतात.

वाटी घेऊन मागच्या दारानं परसात गेले.

मास्तर पाटावर बसले होते. पुढ्यात बादली. बादलीत भिजलेलं वर्तमानपत्र. तारळेकर सर समोर उभे, इस्त्रीचा शर्ट, काखेत पुठ्ठ्याचा खोका, पायाशी एक पिशवी.

"मेथी आणली," मी म्हटलं.

"ठेवा," मास्तर म्हणाले.

मी ठेवली. स्वतःलाही ठेवलं, धुण्याच्या दगडावर.

सर माझ्याकडे बघून थोडे थांबले. मी पदर सारखा केला. मग त्यांना कळलं की ही काही जायची नाही.

"सर, मी थकलो," ते मास्तरांना म्हणाले. "शनिवारी प्रदर्शन आहे. मोठ्या बाईंनी सांगितलंय, या वेळी काही बघण्यासारखं नसेल तर चित्रकलेचे तास गणिताला जातील. आणि मी खिचडीवर देखरेख करायला."

"खिचडी बरी असते आपल्या शाळेची," मास्तर म्हणाले.

"सर..."

"बरं. पोरं काय करतात?"

"मुखवटे. कागदाचे. मुंबईत आम्हाला तयार माती मिळायची, पाकिटात. इथं शाळा देते रद्दी आणि खळ."

"खळ चांगली असते."

"मी स्वतः एक नमुना केला. चार रात्री जागून. टेबलावर ठेवतो. हात लावू नका सांगतो. आणि म्हणतो, असा करा."

"मग?"

"मग दोघी-तिघी रडतात. एकाच्या पोटात दुखतं. उरलेले घरून करून आणतात."

सरांनी पिशवी पालथी केली. पाच-सहा मुखवटे पडले. मास्तरांनी एक उचलला. मोराचा होता. उलटा करून त्यांनी आतून वास घेतला.

"मेथी," ते म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता, "वहिनी, पिसारा छान जमलाय तुम्हाला."

मी म्हटलं, आज ऊन जरा जास्तच आहे नाही.

समोरच्या शिंद्यांची पोरगी रडत आली होती. आपल्याच्यानं बघवतं का?

"आता नमुना दाखव," मास्तर म्हणाले.

सरांनी खोका उघडला. वरचा कागद काढला, आतला कापूस काढला आणि बाहेर आला एक राजा. काय सांगू... पीळदार मिश्या, जिरेटोप, कपाळावर गंध. नाक असं की सरकारी मोजणीवाल्यानं आखून द्यावं.

मास्तरांनी तो हातात घेतला. लांब धरला. जवळ आणला. मग चेहऱ्यावर लावला आणि तसेच बसून राहिले.

आम्ही दोघं राजाकडे बघत होतो. राजा आमच्याकडे.

"छान आहे," राजा म्हणाला. "आतून श्वास घेता येत नाही एवढंच."

"नाकाला भोकं पाडली की नमुना बिघडतो, सर."

"हो. ते खरं."

मास्तरांनी राजा उतरवून सरांच्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घरात गेले. परत आले ते एक गोळा घेऊन. तो गोळा मी रोज बघते. वारा आला की मास्तर तो दाराला लावतात.

"हे काय आहे?"

सरांनी फिरवून बघितलं. "दगड?"

"कागदाचा आहे."

"बटाटा."

"हत्ती," मास्तर म्हणाले. "तू केलेला. सातवीत."

मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं.

"मी?" सर म्हणाले. "याला सोंड कुठाय?"

"मीही तेच विचारलं होतं. तू म्हणालास, हत्ती बसलाय, सोंड पोटाखाली घेतलीय, त्याला थंडी वाजतेय."

"...मी असं म्हणालो?"

"पुढचाही तास तूच घेतलास. तो कुठून आला, त्याला घरी का जायचं नाही. भूगोलाचे गुरुजी दारात उभे होते, त्यांना आत येता येईना."

गोळ्याच्या बुडाशी सरांना अंगठ्याचा एक खोल ठसा सापडला. त्यात त्यांनी आपला अंगठा घालून बघितला. आता मावत नव्हता.

मास्तर पुन्हा पाटावर बसले.

"हृषी, त्या वेळी मी टेबलावर काय नमुना ठेवला होता?"

सर विचार करायला लागले. कावळा येऊन भिंतीवर बसला, मेथीकडे बघून उडून गेला, तरी सर विचारच करत होते.

"नमुना..." ते म्हणाले. "नमुना नव्हता, सर."

"मग?"

"टेबलावर... बादली होती."

मास्तरांनी लगदा ढवळला. मूठभर उचलून पिळला.

"कमी पडणार," ते लगद्याकडे बघून म्हणाले. "सातवीची पोरं पुष्कळ."



देवाशपथ सांगते, त्यानंतर मास्तरांनी राजाला हात लावला नाही. मागितलाही नाही. सरांनीच एकदा राजाकडे पाहिलं, एकदा बटाट्याकडे, म्हणजे हत्तीकडे. मग इस्त्रीच्या बाह्या वर केल्या आणि राजाला बादलीत उताणा सोडला.

आधी मिश्या सुटल्या. त्या स्वतंत्रपणे तरंगायला लागल्या. मग जिरेटोप बसला. मग आतून एकेक कागदाची पट्टी सुटून वर यायला लागली. मी वाकून बघितलं. एका पट्टीवर छापलं होतं 'प्रथम श्रेणी'. दुसरीवर गोल शिक्का. तिसरीवर 'तारळे' आणि 'कर' जरा लांब, मिशीच्या पलीकडे.

"अहो सर," मी म्हटलं, "तुमची डिग्री वर आली की."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"झेरॉक्स आहे, वहिनी. नोकरीच्या अर्जांसाठी गठ्ठाभर काढल्या होत्या. उरल्या. मुखवट्याला जाड कागद बरा पडतो, म्हणून..."

"अस्सल कुठं आहेत?"

"घरी. भिंतीवर. काचेत."

मास्तरांनी मेथी टाकली. सर मांडी घालून बसले आणि कोपरापर्यंत हात घालून स्वतःला कालवायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "सर, मोठ्या बाई पोरांच्या एकेका गोळ्यापुढे थांबतील आणि मला विचारतील, हे काय आहे. मी काय सांगू?"

"तुला माहीत असेल?"

"...नाही."

"मग तू कशाला सांगतोस?"

शनिवारी मी शाळेत पहिली हजर. टेबलावर एकही राजा नव्हता. तीन डोळ्यांचं एक काहीतरी होतं, एकाला दात नुसते खालीच होते. शिंद्यांच्या पोरीच्या गोळ्यापुढे मोठ्या बाई थांबल्या. हे काय आहे, विचारलं, सरांकडे बघून. सर खिडकीबाहेर बघायला लागले. पोरगी म्हणाली, ही माझी आजी आहे, पण देवाघरी जायच्या आधीची, रागावलेली. आणि मग ती बोलतच सुटली. आजी कुणावर रागावली, का रागावली, दूध कुणी सांडलं. घंटा झाली तरी बाई तिथंच. एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला.

तास गणिताला गेले नाहीत. म्हणजे दोन होते, त्यातला एक राहिला. बाईही शेवटी गणिताच्याच.

कमळाकाकू तिथं आल्याच होत्या. मी त्यांना कोपऱ्यात घेऊन सगळं खरं ते सांगितलं. सर कुठं जात नाहीत. नदी नाही, बादली. डिग्र्या बुडाल्या, पण झेरॉक्स. त्यांना ते पचेना. गिरणीवर त्यांनी फार मोठं करून सांगितलं होतं.

त्या थेट मास्तरांकडे गेल्या. मास्तर रागावलेल्या आजीपुढे उभे होते.

"मास्तर, आता तुम्हीच सांगा. सरांच्या अस्सल डिग्र्या बुडवल्या की नाही?"

"नाही," मास्तर म्हणाले. "यंदा लगदा पुरला."