वळचणीला खोचलेली सुरी

फार फार जुन्या काळातली ही गोष्ट आहे. ऐकणारे लहान असोत की थोर, दोघांसाठीही आहे. डोंगरांच्या मधोमध एक मोठं तळं होतं आणि त्याच्या काठी एक गळकरी राहत होता. गळकरी म्हणजे गळ टाकून मासे धरणारा.

जाळं टाकणारे तिथे पुष्कळ होते, पण हा जाळ्याला नाक मुरडायचा. "जाळ्यात काय, झोपलेल्यालाबी मासा घावतो," असं म्हणायचा. माणूस जरा गर्विष्ठच होता. पण त्याच्या हातात कसब होतं आणि ते कोणालाही नाकारता येत नव्हतं.

तो गांडुळं लावत नसे, बेडकं लावत नसे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या मासोळ्या कोरायचा. पोटात थोडं शिसं भरायचा, म्हणजे मासोळी पाण्यात आडवी राही. शेपटीला पितळेचं पान लावायचा, म्हणजे ओढताना ते फडफडे. पोटाखाली आणि शेपटीखाली तीन-तीन नख्यांचे गळ. दोरीच्या टोकाला वीतभर तार, कारण मोठ्या माशाचे दात दोरी सहज तोडतात. डोळे मात्र त्याची बायको बसवायची. ती गुंजा वेचून आणायची आणि एकेक गुंज त्या लाकडी तोंडावर अशी चिकटवायची, की मासोळी आपल्याकडे बघते आहे असं वाटावं.

होडीही तीच वल्हवायची. होडी तिच्या बापाची होती. बापाने लेकीच्या लग्नात ती जावयाला दिली, तेव्हा होडीच्या आडव्या फळीत एक उघडी सुरी खोचलेली होती.

"जावईबापू," म्हातारा म्हणाला होता, "काठी मोडली तर दुसरी करा, मासोळी हरवली तर दुसरी कोरा. पन ही सुरी फळीतनं कधी हलवू नका. पान्यात काय कुठं अडकंल, सांगता येत न्हाई. सोडवायला वेळ नसतो."

बरीच वर्षं ती सुरी तिथेच राहिली. फळीत तिची खाच पडली होती. ती गंजू नये म्हणून बायको तिला तेल लावायची.

त्या तळ्यात एक मरळ होती. मरळ हा मासा वाघासारखा. दबा धरून बसतो, झडप घालतो आणि मधूनमधून श्वास घ्यायला पाण्यावर येतो. ही मरळ माणसाच्या उंचीची होती. गळकरी तिचा श्वास ओळखायचा. इतर मरळी पाण्यावर येत तेव्हा बुडबुडा फुटे, ही आली की पाणी जड हलायचं. ती त्याच्या मासोळीमागे होडीपर्यंत यायची, मासोळीकडे बघायची आणि वळून निघून जायची.

अशा माशासाठी गळकऱ्याची एक युक्ती होती. मासोळी होडीजवळ आली तरी तो ती लगेच उचलत नसे. काठीचं टोक पाण्यात बुडवून होडीच्या कडेला मासोळी गोल फिरवत राही. मागे आलेला मासा पुष्कळदा त्या शेवटच्या फेऱ्यातच झडप घालतो. त्या मरळीने मात्र तिथेही त्याला कधी दाद दिली नाही.

मग गळकऱ्याचे हात थरथरू लागले. वय झालं होतं. मासोळी कोरताना हत्यार घसरायचं. आता थोडेच दिवस आपल्या हातात आहेत आणि ही मरळ तेवढी राहिली आहे, हे त्याच्या मनाने घेतलं. झोपेतही तो तिच्याबद्दल बोलू लागला.

त्या वर्षी मरळीला पिल्लं झाली. पिल्लांचा लालसर थवा कमळांच्या कडेने फिरायचा आणि मरळ त्याच्या खाली राखण करायची. पिल्लं असलेल्या मरळीवर गळ टाकायचा नाही, ही त्या तळ्याची रीत होती. अगदी आळशी जाळेवालेही ती पाळत. पण गळकऱ्याला ठाऊक होतं, की भुकेने न फसणारी मरळ पिल्लांसाठी फसते. त्याने मासोळी थव्याच्या मधोमध टाकली. मरळ तीरासारखी वर आली आणि तिने मासोळी तोंडात धरली. काठी वाकली.

आणि दोरी सैल पडली. बायकोने सुरी उपसून दोरी कापली होती. मासोळी तोंडात घेऊन मरळ खाली गेली. पुढे चार दिवसांनी मरळीने ती टाकून दिली, आणि मासोळी लाटांबरोबर काठाला लागली.

"पिल्लं हायत तिच्यापाशी," दोरी कापताच बायको म्हणाली. "तिला धरलीत तर त्यास्नी कोन राखंल?"

त्याने तुटलेली दोरी गुंडाळली आणि होडी काठाला घ्यायला लावली. संध्याकाळी त्याने फळीतली सुरी काढली आणि घराच्या वळचणीला नेऊन खोचली.

मग त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी. बाजारातून तो तिच्यासाठी लुगडं घेऊन आला. जाड, घट्ट विणीचं, कामाला टिकेल असं. तिला ते फार आवडलं. भांडण मिटलं असं दोघांनाही वाटलं, पण सुरी वळचणीलाच राहिली.

पुढच्या खेपेला तिने नवं लुगडं नेसलं, पदर कमरेला खोचला आणि होडीत बसली. फळीतली रिकामी खाच तिला लगेच दिसली.

"सुरी कुठं हाय, अवो?"

"घरी हाय. आज तिचं काम न्हाई."

"आबा काय म्हनालं व्हतं?"

"पिल्लांवर टाकनार न्हाई. शबूद देतो तुला. मग सुरी कशाला लागतीय?"

तिने त्याच्या थरथरणाऱ्या हातांकडे पाहिलं. एकदा ही मरळ याला मिळू दे, म्हणजे याच्या जिवाला शांती मिळेल, असं तिला वाटलं. आणि तिने वल्हं हातात घेतलं. तिचं त्याच्यावर फार प्रेम होतं. तिची चूक म्हणायची तर एवढीच.

गळकऱ्याने मोकळ्या पाण्यात मासोळी टाकली, आपल्या शब्दाप्रमाणे. मरळ मागे आली, होडीपर्यंत आली आणि बघत राहिली. तेवढ्यात पिल्लांचा थवा वाहत वाहत होडीच्या कडेला आला, बायको बसली होती तिथेच. गळकऱ्याने तो पाहिला. काठीचं टोक बुडवलं आणि मासोळीचा गोल फेरा त्या पिल्लांच्या मधून काढला.

मरळ उसळली. मासोळीचा पुढचा गळ तिच्या जबड्यात रुतला. तिने पाण्याबाहेर डोकं झटकलं आणि मागचा गळ बायकोच्या कमरेला खोचलेल्या पदरात अडकला. दोघं नवरा-बायको एकाच बाजूला झुकल्यामुळे होडी कलली. मरळ कमळांच्या बाजूला तळाकडे वळली आणि बायको तिच्याबरोबर पाण्यात ओढली गेली.

गळकऱ्याचा हात फळीवर गेला. इतक्या वर्षांची सवय होती, हात न बघता गेला. बोटं रिकाम्या खाचेत शिरली.

त्याने उडी मारली. कमळांच्या देठांत दोरी गुरफटली होती. त्याने पदर ओढला, दातांनी तोडायला बघितलं, वर येऊन श्वास घेतला, पुन्हा खाली गेला. लुगडं चांगल्या विणीचं होतं. ते फाटलं नाही.

जाळेवाल्यांनी बायको आणि मरळ, दोघींना एकत्रच वर काढलं. मरळही मेली होती. श्वासाला तिलाही वर यावं लागतं आणि बायकोच्या ओझ्याने तिला येता आलं नव्हतं. मासोळीचे गुंजेचे डोळे तसेच लखलखत होते. त्या तळ्यात एवढा मासा कोणी कधी धरला नव्हता. त्याला हात लावायला कोणी पुढे आलं नाही. गळकऱ्याने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. तो बायकोच्या केसांतलं शेवाळ काढत बसला होता.

पिल्लांचा थवा कमळांपाशी फिरत राहिला. राखायला कोणी नव्हतं. दुसरे मासे यायचे, बगळे यायचे. तो लाल डाग रोज लहान होत गेला आणि गळकरी काठावर बसून ते बघायचा. मग एके दिवशी तिथे नुसतं पाणी उरलं.

घरी वळचणीला सुरी होती. तिला तेल लावलेलं नव्हतं, म्हणून ती गंजली होती. त्याने ती घासली, तेल लावलं आणि परत फळीतल्या खाचेत बसवली. होडी जाळेवाल्यांना देऊन टाकली. काठ्या आणि मासोळ्या चुलीत घातल्या.

त्यानंतर तो पुष्कळ जगला. असं जगणं कोणाच्या वाट्याला येऊ नये. रोज सकाळी तो तळ्याच्या घाटावर येऊन बसायचा आणि निघणाऱ्या प्रत्येक होडीला एकच विचारायचा, "सुरी घेतली का?"

पोरं त्याची नक्कल करायची. मोठी माणसं मान हलवून "घेतली, बाबा," म्हणायची. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी होड्या निघाल्या, तेव्हा घाटावर विचारणारं कोणी नव्हतं. पहिल्या होडीतला माणूस थांबला, मागे वळला आणि मागच्या होडीला म्हणाला, "सुरी घेतली का?" आजही तिथे तसंच विचारतात.

तात्पर्य: ज्याला धरण्याची हौस आहे त्याने सोडण्याची सोय आधी जवळ ठेवावी, ती दूर सारणारा जे धरायचं ते धरतो आणि जे आपलं होतं ते गमावतो.