गुळव्याची बकुळा आणि वाटाण्याएवढी पेस्ट

चहूकडून उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या एका गावात येसबा नावाचा एक गुळव्या राहत होता. त्याच्या हातचा गूळ पेठेत नावाजलेला, पण त्याच्याच घरात दातदुखीनं मुक्काम ठोकला होता. थोरली लेक मालन दिवसभर गुऱ्हाळात गरम गूळ चाटत हिंडायची. सातव्या वर्षी तिच्या दाढा किडल्या, गाल टम्म सुजला, भाकरीचा तुकडा चावेना. दाढ काढताना पोरीनं फोडलेला टाहो येसबाच्या काळजात रुतून बसला.

धाकटी बकुळा तेव्हा चार वर्षांची होती. "हिचे दात मी किडू देणार नाही," येसबानं मनाशी खूणगाठ बांधली.

तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला लहान मुलांची पेस्ट दिली. "यात फ्लोराइड आहे. दातांना ते किडीशी लढायचं बळ देतं. सकाळी आणि झोपण्यापूर्वी घासायचं. पण पेस्ट वाटाण्याएवढीच घ्या, आणि फेस थुंकायला लावा."

येसबानं अर्धंच ऐकलं. औषध चांगलं, तर जास्त घेतलं की जास्त चांगलं! तो ब्रश काठोकाठ भरायचा आणि पोरीच्या हाती देऊन गुऱ्हाळाकडे पळायचा. पेस्ट गोड होती. बकुळा थुंकायची कशाला? मिटक्या मारत गिळायची.

एके दुपारी पेस्टची नळी खिडकीत तिच्या हाताला लागली. तिनं ती पिळून पिळून खाल्ली. थोड्याच वेळात पोट धरून ओकू लागली. बायकोनं, हौसानं, हंबरडा फोडला. येसबानं उकळत्या रसाची काहील गड्याच्या भरवशावर सोडली आणि पोरीला उचलून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी तिला दूध पाजलं, जवळ बसवून ठेवलं. उन्हं कलली तशी बकुळा हसायला लागली. मग मात्र येसबाचा बांध फुटला.

"बाई, हे विष आहे विष! घरी गेल्यावर पहिली ती नळी उकिरड्यावर फेकतो."

बाई रागावल्या नाहीत. "येसबा, तुम्ही रसात चुन्याची निवळी घालता ना?"

"घालावीच लागते. त्याशिवाय रसातली घाण, मळी वर येत नाही."

"किती घालता?"

"बेतानं. जास्त पडली तर गूळ काळा पडतो, तोंडात धरवत नाही. म्हणून काय चुना टाकून द्यायचा? मापात..."

बोलता बोलता येसबा थांबला. आपलेच शब्द आपल्याच कानांवर आदळल्यासारखं त्याला झालं. त्यानं मान खाली घातली.

"चूक माझीच, बाई. पुन्हा एकदा सांगा. या वेळी नीट ऐकतो."

बाईंनी सगळं सांगितलं. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून मोठ्याला वाटाण्याएवढी. पेस्ट मोठ्या माणसानं काढायची, घासताना समोर उभं राहायचं. रोज रोज गिळली तर पुढं येणाऱ्या दातांवर डाग पडतात, म्हणून नळी पोरांच्या हाताला लागू द्यायची नाही. आणि नुसत्या पेस्टनं भागत नाही. गोड खायचं ते जेवणाबरोबर, येता-जाता नाही.

त्या दिवसापासून नळी वरच्या फळीवर गेली. काहील उकळत असो की पाहुणे दारात असोत, येसबा दोन्ही वेळा लेकींसमोर उभा राही. "थुंक!" म्हणे, आणि दोघी खदखदून हसत थुंकत.

अवघड काम पुढंच होतं. गुऱ्हाळात आलेले शेतकरी बकुळेपुढं उसाच्या कांडीवर गरम गूळ धरायचे. येसबा हात आडवा करायचा.

"गुळव्याच्या पोरीला गुळाचा उपास!" लोक फिदीफिदी हसत. "कंजूष बाप!"

येसबाचा चेहरा उतरायचा. हात मात्र मागं हटला नाही. "जेवताना देतो की तिला," एवढंच तो म्हणायचा.

वर्षं गेली. दोघी बहिणींचे दुधाचे दात पडले, नवे आले. एका पाडव्याला जत्रेत मुलांची शर्यत लागली: अख्खा ऊस दातांनी सोलून खायचा! हलगी कडाडली. थोराड पोरं पहिल्याच कांड्याला गाल धरून बसली. कुणाची दाढ ठणकली, कुणाला साल निघेना. बकुळा मात्र सपासप साल ओढत सुटली. तिच्या मागोमाग मालन. बघता बघता बकुळेनं शेवटची चघळलेली चोयटी थुंकली आणि दोन्ही हात वर केले. पहिली बकुळा, दुसरी मालन!

येसबानं एकीला डाव्या खांद्यावर घेतलं, दुसरीला उजव्या. फेटे उडाले, गुलाल उधळला. एकेकाळी हसलेलेच आता गर्दी करून विचारू लागले, "येसबा, पोरींना खायला घालतोस तरी काय?"

येसबा छाती फुगवून म्हणाला, "खायला काही वेगळं नाही, बाबांनो. मी त्यांना थुंकायला शिकवलं!"

तात्पर्य काय, तर गुणाची वस्तूसुद्धा मापातच गुण देते. आणि ते माप सांभाळायला लेकराजवळ मोठं माणूस उभं असावं लागतं.