पेव कोरडं झालं तेव्हा

फार फार जुन्या काळची गोष्ट. माळावरच्या एका गावात घरोघरी उंदरांचा सुळसुळाट, म्हणून सगळ्यांचं बियाणं एकाच पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं खोल कोठार. तुम्ही कशाला पाहिलं असेल म्हणा!

त्या पेवाची राखण येसबाकडे होती. भरण्याआधी आत जाळ करून भिंती चांगल्या शेकायच्या, मग तळाला राख लावून बघायची, ही वाडवडिलांची रीत. राख चिकटली तर ओल आहे, झडली तर कोरडं.

त्या साली शेजारगावच्या जत्रेत कुस्त्या होत्या. येसबाला कुस्त्यांचं भारी वेड! त्याने घाईघाईने एकदाच जाळ केला, पेवाच्या तोंडाशी हात फिरवला आणि निघाला.

"अहो, तळाला राख लावून पाहिलीत का?" बायकोने विचारलं.

"जन्म गेला माझा पेवं भरण्यात. मला शिकवतेस? ठणठणीत आहे!"

येसबाच्या शब्दावर लोकांनी निवडून ठेवलेलं बी ओतलं. वर शिळा बसली, माती लिंपली. येसबा पोटभर कुस्त्या पाहून आला.

पेरणीचे दिवस आले. शिळा सरकवली तसा कुबट वास अंगावर आला. येसबाने टोपली वर ओढली. ज्वारी काळी पडून तिचे गोळे झाले होते. त्याने दुसरी ओढली, तिसरी ओढली. सगळं तेच.

"वरवरचं तरी पेरून बघू," पाटील म्हणाले. पेरलं. एक कोंब वर आला नाही, आणि आसपासच्या गावांत उसनं बीही मिळेना.

लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर येसबाला बरं वाटलं असतं. पण त्यांनी गाड्या जुंपल्या आणि पोटासाठी परमुलुखाची वाट धरली. एक म्हातारी तेवढी त्याच्या दाराशी थांबली.

"येसबा, माझ्या सासूच्या सासूपासून जपलेलं बी होतं रे ते," ती म्हणाली, आणि डोळे पुसत गेली.

येसबा मागेच राहिला. रोज पेवात उतरायचा, जाळ करायचा, तळाला राख लावायचा. राख भुरूभुरू झडायची. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! पेव आता खरोखर ठणठणीत होतं. पण ओतायला मूठभर दाणा नव्हता, आणि ओतणारं माणूसही नव्हतं.

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: तयारीत ठेवलेली कसर आधी दिसत नाही, आणि दिसते तेव्हा भरून काढायला हाती काही उरत नाही.