धवल्याची लेक मैदानात उतरली

प्राणी हॉकी खेळत त्या काळातली ही हकिकत. उपांत्य सामन्यात सशांची गाठ मुंगसांशी पडली. बरोबरी काही सुटेना. तेव्हा सशांचा कप्तान धवल्या आपल्या गड्याला हळूच म्हणाला, "चेंडू राहू दे, पिंगीच्या पायावर स्टिक घाल."

पिंगी मुंगसांची सर्वांत चपळ खेळाडू होती. तिचा पाय मोडला आणि ससे जिंकले.

"खेळात लागायचंच," धवल्या तिला म्हणाला.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच गाठ पडली. या वेळी सशांकडून धवल्याची लेक पहिल्यांदाच खेळत होती. शिट्टी वाजली, पण एकही मुंगूस चेंडूकडे बघेना. सगळ्यांच्या नजरा पोरीच्या पायांवर खिळल्या होत्या.

धवल्या पंच करकोच्याकडे धावला. "सामना थांबवा!"

"का?" करकोचा म्हणाला. "अजून काही झालेलं नाही."