आज्याचा कौल

फार पूर्वी अश्मक देशात, पोतन नगरीत, सुदर्भ राजाचे राज्य चालू होते. तेव्हा बोधिसत्त्वाने नगरीपासून दोन दिवसांच्या वाटेवरच्या तिळवण नावाच्या गावी, कौल लावणाऱ्याच्या घरात जन्म घेतला. त्याचे नाव वेणुक.

तिळवणात सगळे तीळ पेरीत. कोणी मेले की त्याची राख तिळाच्या वावरात टाकून वर नांगर फिरवीत. पीक निघाल्यावर त्याच वावरात खणले की वीतभर खाली बोटाएवढे, गुळगुळीत, तपकिरी कोष सापडत. कोष दगडासारखा निपचित पडलेला असे, पण तळहातावर घेतला आणि हाताची ऊब लागली की त्याचे निमुळते टोक डावीकडे नाहीतर उजवीकडे वळे. यावरून गावाने ठरवून टाकले होते की राखेतला म्हातारा पुन्हा अंग धरतो आणि कोषात बसून नातवंडांना वाट दाखवतो. कोषाला ते आजा म्हणत. विहीर कुठे खणायची, मुलगी कोणत्या गावी द्यायची, चुकलेला बैल कुठे शोधायचा, सगळे आज्याला विचारायचे. आजा हातात धरायचा मान वेणुकाच्या घराण्याचा होता, आणि त्या मानापोटी घरटी पायलीभर तीळ येत.

वेणुकाचा बाप असाच गेला. दुष्काळात गुरे कुठे न्यावीत म्हणून थोरल्या भावाने, धनिलने, कौल लावला, आज्याने पूर्व दाखवली, बाप गुरे घेऊन पूर्वेला गेला. गुरे आली नाहीत, बापही आला नाही. मग काका धनिल याने पोराला वाढवले आणि विसाव्या वर्षी मान त्याच्या हातात दिला.

वेणुकाला एक खोड होती. तो बघत बसे.

तिळावर करंगळीहून जाड हिरवी अळी पडते. अंगावर तिरपे निळे पट्टे, शेपटाला वाकडे शिंग. डिवचले की ती मान वर करून कटकट आवाज काढते. गावातली माणसे तिला वेचून टाचेखाली चिरडीत. आणि तिन्हीसांजेला दिवा लावला की घरात एक थोरला पतंग शिरे. पंख वाघळासारखे, पोटावर पिवळे पट्टे, पाठीवर माणसाच्या कवटीची खूण. धरला की उंदरासारखा चीं चीं ओरडे. तो मधमाश्यांच्या पोळ्यात बेधडक शिरतो आणि पोटभर मध पिऊन बाहेर येतो, हे वेणुकाने झाडाखाली उभे राहून पाहिले होते. गावाच्या लेखी तो मरणाचा सांगावा होता. दिसला की केरसुणीने ठेचायचा.

वेणुकाने एक अळी मडक्यात ठेवली. तिला पाला घातला. अळी फुगली, काळवंडली, दोन दिवस वेड्यासारखी फिरली आणि मडक्यातल्या मातीत शिरली. आठ दिवसांनी त्याने माती उकरली. आत आजा होता. पुढे काही आठवड्यांनी मडक्यावरचे फडके हलले. आत कवटीचे पाखरू होते, आणि आज्याचे रिकामे टरफल.

दुसऱ्या दिवशी तो मडके घेऊन पारावर गेला. म्हातारी माणसे शहाणी असतात असे सगळीकडे सांगतात. तिळवणातली म्हातारी माणसे म्हातारी होती, एवढेच.

“अळी, आजा आणि कवटीचं पाखरू, तिन्ही एकच आहे,” वेणुक म्हणाला. “मी डोळ्यांनी पाहिलं.”

गावचा मुखिया, ग्रामणी वृषक, याच्या तोंडात तीन दात उरले होते, आणि तिन्ही दाखवत तो हसला. “मडक्याचं तोंड उघडं राहिलं असेल रे. पाखरू आत शिरलं, आजा बाहेर निघाला. तुझ्या बडबडीला कंटाळून.”

सगळा पार हसला.

“मग तुम्ही आज्याला टाचेखाली चिरडता, डोक्यावर घेता आणि केरसुणीनंही मारता,” वेणुक म्हणाला. “तिन्हीतलं एक काय ते ठरवा तरी.”

“वीस वर्षांचं पोरगं आम्हाला आजा शिकवतंय,” ग्रामणी म्हणाला. मडक्यात डोकावून मात्र एकानेही पाहिले नाही.

पाहिले ते पाटलीने. पाटली ही दर्भक लोहाराची आठ वर्षांची मुलगी. त्या दिवसापासून तिने स्वतःचे मडके धरले.

“दादा, याला शिंग मागं का?”

“मागून येणाऱ्याला भीती वाटावी म्हणून.”

“मग मलाही पाहिजे. आई मागूनच धपाटा घालते.”

त्या वर्षी तीळ कापून झाले, पेंढ्या उभ्या करून वाळत घातल्या, आणि पाटलीची अळी अजून मातीत जायची होती. सकाळी ती मडके कडेवर घेऊन खळ्यावर आली. “दादा, पाला संपला. हा आता काय खाणार?”

वेणुक पेंढ्या बांधत होता. त्याने मान वळवली नाही. “पश्चिमेला जुन्या खाणीच्या काठाला रानतीळ आहे. उद्या आणून देतो.”

दुपारी पाटली घरी नव्हती. शेजारीपाजारी नव्हती. तिसऱ्या प्रहरी तिची आई शामा हाका मारीत गावभर फिरली आणि मग गाव पारापाशी जमले. पूर्वेला नदी, पश्चिमेला खाण. खाण म्हणजे अर्ध्या कोसात विखुरलेले खड्डे, झुडपांनी झाकलेले. एकट्या माणसाला ती दिवस मावळायच्या आत धुंडाळता येणार नव्हती.

“ती खाणीकडं गेली आहे,” वेणुक ओरडला. “दोर घ्या. सगळे चला.”

दर्भक उठला. ग्रामणीने काठी आडवी धरली. “बस खाली. कौल न लावता गाव कधी शोधाला निघालंय? उलट्या दिशेला गेलो तर सगळी संध्याकाळ वाया जाईल.”

दर्भक बसला. वेणुक तसाच निघाला, तेव्हा ग्रामणीच्या इशाऱ्यावर दोघांनी त्याचे दंड धरले. तो गेला तर आजा कोण धरणार? मग नवा आजा खणून काढायला माणसे गेली. मग त्याला पाण्याने धुतले. मग तेल लावले. मग दिवा लावला. दिवस कासराभर वर राहिला होता.

तेवढ्यात काका धनिल जवळ आला आणि वेणुकाच्या कानाशी लागला.

“तुला खात्री आहे ना, पोर खाणीतच आहे?”

“मीच सांगितलं तिला रानतीळ कुठं आहे ते.”

“मग आरडाओरडा कशाला? आजा हातात घे, पूर्वेकडच्या बाजूनं अंगठा दाब. टोक पश्चिमेला वळतं. जन्मभर मी हेच केलं.”

वेणुकाने त्याच्याकडे पाहिले. “जन्मभर?”

“गाव चालवायचं म्हणजे कोणीतरी अंगठा दाबावाच लागतो.”

“माझ्या बापाला पूर्वेला धाडलं, तेही तुझ्याच अंगठ्यानं?”

काकाने उपरण्याने तोंड पुसले. “तेव्हा तिकडं पाऊस पडला असं ऐकलं होतं,” तो म्हणाला.

मग आजा वेणुकाच्या तळहातावर ठेवला गेला. तेलाने चकचकीत, थंड, आत एक जीव अंग बदलत असलेला. अंगठा वेणुकाचा होता. दाबला असता तर पोर घरी आली असती आणि कोणाला काही कळले नसते. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा दाबला असता, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि म्हातारा झाल्यावर कोणातरी पोराच्या कानात हेच सांगितले असते. कोणाच्या तरी बापाला पूर्वेला धाडून झाल्यावर. त्याने अंगठा उचलून धरला.

“आईबापांनो, हा तुमचा आजा नाही. ही अळी आहे, पाखरू व्हायला निघालेली. हिला कुठलीच दिशा ठाऊक नाही. इकडून दाबलं की तिकडं वळते. बघा.” त्याने सगळ्यांसमोर दाबून दाखवले. टोक डावीकडे गेले, उजवीकडे गेले, पुन्हा डावीकडे. “माझा काका आजवर असंच करत आला. पाटली पश्चिमेला आहे. हे मला आज्यानं सांगितलं नाही, मीच तिला सांगून बसलोय. दोर घ्या आणि चला.”

पारावर कोणी हालले नाही. दर्भकाने वेणुकाच्या तोंडाकडे पाहिले. क्षणभर त्याला सगळे पटले होते. मग त्याने म्हाताऱ्यांच्या तोंडांकडे पाहिले. आपल्याला काय वाटले पाहिजे, हे तो जन्मभर तिथेच बघत आला होता.

“पोराचं डोकं फिरलंय,” धनिल शांतपणे म्हणाला. “बाप नसलेलं पोर. आण तो आजा इकडं.” त्याने आजा काढून घेतला.

वेणुकाला वाटले, निदान काकाला तरी खरे ठाऊक आहे. तो गुडघ्यावर बसला. “काका, मी खोटा म्हणून सांग. मला गावाबाहेर काढ. फक्त पश्चिम दाखव.”

धनिलने त्याच्याकडे पाहिले, मग जमलेल्या गावाकडे पाहिले. पश्चिम दाखवावी तर पोराचा शब्द खरा ठरतो. साठ वर्षांची पांढरी दाढी एका पोरापुढे खाली जाते. त्याने डोळे मिटले, पूर्वजांची नावे घेतली आणि अंगठा दाबला.

टोक पूर्वेला वळले.

गाव मशाली घेऊन नदीकडे गेले. पूर्वजांचा अपमान केला म्हणून वेणुकाला बांधून तिळाच्या कोठारात टाकले. तो ओरडत राहिला. बाहेर पहाऱ्याला बसलेले दोन म्हातारे आपसात म्हणत होते की हल्लीच्या पोरांना कशाचंच काही वाटत नाही.

उजाडताना कोठाराचे दार शामाने उघडले. तिने विळ्याने दोर कापला आणि खाणीच्या वाटेने पुढे चालू लागली.

पाटली तिसऱ्या खड्ड्यात होती. दोन पुरुष खोल. एक पाय मोडलेला, दहाही बोटांच्या नखांत माती. तिने वर यायचा खूप प्रयत्न केला होता. वेणुक खाली उतरला आणि त्याने तिच्या मानेला हात लावला. बाहेर दहिवर पडले होते, दगड गार होते, आणि मानेत अजून ऊब होती, नाडी नव्हती. ती रात्रभर जिवंत होती.

त्याने तिला वर आणले आणि शामाने मुलीला मांडीवर घेतले. बराच वेळ ती मुलीच्या नखांतली माती काढत होती.

“आजा तुझ्या हातात होता ना?” ती म्हणाली.

“हो.”

“तुला दाबता येत होतं ना?”

“हो.”

“मग दाबायचा होतास रे. काय बिघडलं असतं तुझं?”

 याचे उत्तर वेणुकाला जन्मभर सापडले नाही.

पाटलीची राख वावरात टाकून झाल्यावर गाव पारावर बसले. ग्रामणी म्हणाला, “आज्याला नात हवी होती. म्हणून त्यानं आपल्याला दुसरीकडं धाडलं. त्याच्या मनात होतं तेच झालं.” म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. दर्भकानेही हलवली. हलवली नसती तर तो नदीकाठी मशाल घेऊन फिरत होता तेव्हा मुलगी त्याला हाका मारीत होती, हे मनात घेऊन त्याला जगावे लागले असते. मान धनिलकडे परत गेला. घरटी पायलीभर तीळही गेले. पुढच्या हंगामात वावर खणले तेव्हा आजे नेहमीसारखेच सापडले आणि नेहमीसारखेच तेल लावून तळहातावर ठेवले गेले.

वेणुकाने गाव सोडले. चाळीस वर्षे तो तीळ पिकवणाऱ्या गावागावांतून हातात मडके घेऊन फिरला. लोकांसमोर अळी मातीत जाऊ दिली, लोकांसमोर पाखरू बाहेर येऊ दिले. लोक कौतुकाने बघत, त्याला भाकरी वाढीत, पाया पडत, आणि घरात जाऊन कौल लावीत. एकही गाव बदलले नाही. शेवटी तो एका वाटेच्या कडेला मेला. ते गाव भले होते. त्यांनी त्याची राख तिळाच्या वावरात टाकली.

ही कथा शास्त्याने, बुद्धपद पावलेल्या गुरूने, विहारात सांगितली. एका नव्या भिक्षूने वडीलधाऱ्या स्थविरांना प्रश्न विचारला होता आणि स्थविरांनी त्याला तीन दिवस गप्प बसण्याची शिक्षा केली होती, त्या निमित्ताने. कथा संपवून शास्त्याने जन्मांचा मेळ घातला.

“तेव्हाचा ग्रामणी वृषक आज पहिल्या रांगेत डावीकडे बसला आहे. काका धनिल त्याच्या शेजारी आहे, ज्याने ही शिक्षा फर्मावली तो. पारावर हसणारे म्हातारे म्हणजे तुम्ही, मागच्या दोन रांगा. दर्भक म्हणजे रोज तांदूळ घेऊन येणारा आणि सगळ्यांच्या बोलण्याला हो म्हणणारा तो उपासक. शामा म्हणजे दाराशी बसणारी म्हातारी भिक्षुणी. ती माझे प्रवचन ऐकते, पण माझ्याशी बोलत नाही. तिच्यावर रागावू नका. वेणुक मीच होतो.”

 मग शिक्षा झालेल्या त्या भिक्षूनेच विचारले, “आणि पाटली, भंते? ती आज कोण आहे?”

“ती इथे नाही,” शास्ता म्हणाला. “त्यानंतरच्या प्रत्येक जन्मात मी तिला शोधले. हरणांत शोधले, माणसांत शोधले. ती मला पुन्हा कुठेच भेटली नाही.”

मग तो पहिल्या रांगेकडे वळला.

“त्या जन्मात मी सत्य पारमी, सत्य न सोडण्याचे व्रत, पूर्ण केली, असे तुम्ही पाठ कराल. करा. ते खरे आहे. पाठ करताना त्या मुलीचे नाव गाळू नका.”