मरळीला सोबत

निंबाळीच्या राजेसाहेबांनी काचेच्या मोठ्या हौदात हातभर लांबीची मरळ मासळी पाळली होती. तिला सोबत म्हणून त्यांनी मूठभर इवले रंगीत मासे सोडले. सकाळी पाहतात तो मरळ एकटीच! मासे चोरले म्हणून पहारेकरी कोंडाजी कोठडीत गेला.

राजेसाहेबांच्या थोरल्या बहिणीला, चंद्राक्कांना, हे काही पटेना. त्यांनी भावापुढे बुंदीच्या लाडवांचं ताट ठेवलं. “आबासाहेब, मी येईपर्यंत यांना जरा सोबत करा.”

परतल्या तेव्हा ताट रिकामं.

“लाडू चोरले कुणी?”

राजेसाहेब मिशा पुसत ओशाळले. “लहान होते, आक्का. तोंडात सहज मावले.”

“मरळ तरी दुसरं काय सांगतेय?”

राजेसाहेब खो खो हसले. कोंडाजी सुटला आणि हौदात मरळीच्याच अंगापिंडाचे दोन दांडगे मासे आले. लाडवांचं ताट मात्र पुन्हा कुणी राजेसाहेबांच्या सोबतीला ठेवलं नाही.